तपशील आणि प्रतीती : विज्ञानकथांतील सांधेदार बाहुल्यांच्या संग्रहाची मीमांसा

१

मराठवाड्यातील घरांमध्ये वर्षातून दोन वेळा लहान आकाराच्या प्रतिमांना देवघरालगतची जागा मिळते. श्रावणी अमावास्येला, म्हणजे पोळ्याला, मातीचे बैल पाटावर मांडून पुजले जातात. भाद्रपदात गौरी घरी येतात, त्यांना ह्या भागात महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्यांच्यापुढे खेळण्यांची आरास मांडली जाते. परभणी जिल्ह्यातील झरीसारख्या गावातील आरास आणि शहरातील आरास ह्यांत खर्चाचा फरक असेल; रीतीचा फारसा नाही. लाकडी हत्ती, कापडी बाहुली, जत्रेतून आणलेली पत्र्याची मोटार ह्यांच्या शेजारी प्लास्टिकचा बंदूकधारी शिपाई किंवा परग्रहावरचा यंत्रमानव उभा असला, तरी त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. घरातील मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनी जे जे हाताळले त्यातले जे उरले ते तेथे असते. आरास मोडली की सारे पुन्हा ट्रंकेत जाते.

ह्या आराशीतला यंत्रमानव आज दुसऱ्या एका प्रकारच्या मांडणीतही दिसतो. पुण्या-मुंबईच्या, तसेच परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरांत काचेची कपाटे असतात. त्यांत दूरचित्रवाणीवरील एखाद्या विज्ञानकथा-मालिकेतील पात्रांच्या सांधेदार बाहुल्या क्रमाने लावलेल्या असतात. व्यापारात आणि संग्राहकांच्या बोलण्यात त्यांना ‘अ‍ॅक्शन फिगर’ म्हणतात. येथे खेळणे नाही आणि पूजाही नाही. पाहणे, जुळविणे आणि जपणे एवढेच आहे. ह्या संग्रहामागे एक निश्चित मूल्यकल्पना उभी आहे. बाहुली पडद्यावरील पात्राशी तपशिलाने जितकी जुळेल तितकी ती श्रेष्ठ, आणि तिला हात जितका कमी लागला असेल तितकी ती मौल्यवान, अशी ती कल्पना आहे. प्रस्तुत विवेचनाचा विषय ही मूल्यकल्पना हा आहे. ती तपासून पाहण्यासारखी आहे, कारण अनुकृती, पात्र, नट आणि प्रेक्षक ह्यांच्याविषयी साहित्यशास्त्राने उपस्थित केलेले जुनेच प्रश्न ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूने नव्या रूपात पुढे आणले आहेत.

२

प्रथम वस्तूचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९६४ मध्ये ‘जी. आय. जो’ हा बारा इंची सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत आणि त्यांचे वडील ती विकत घेणार नाहीत, ही अडचण टाळण्यासाठी त्या वेळी ‘अ‍ॅक्शन फिगर’ हे नाव योजण्यात आले. म्हणजे ह्या प्रकाराचे नावच एका संकोचातून जन्मले. वस्तुतः ती बाहुलीच होती. तिला कपडे होते आणि हातपाय हलत होते.

विज्ञानकथा-मालिकेवर आधारलेल्या बाहुल्यांचे नमुनेदार उदाहरण म्हणजे ‘स्टार ट्रेक’. ही मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ ह्या काळात तीन पर्वांत व एकूण ७९ भागांत प्रसारित झाली. १९८०च्या दशकात भारतात दूरदर्शनवरही ती दाखविली गेली. तिच्या बाहुल्या मात्र मालिका बंद पडल्यावर पाच वर्षांनी, १९७४ मध्ये, मेगो कंपनीने काढल्या. त्या आठ इंची होत्या. कंपनीने धड एकाच ठरावीक प्रकारचे ठेवले. पात्रे वेगळी झाली ती केवळ डोक्याने व कापडी गणवेशाने. कर्क, स्पॉक, मॅकॉय ह्यांची डोकी निघाली. सुलू आणि चेकॉव्ह ह्या दोन परिचित पात्रांना मेगोने बाहुलीचे रूप दिलेच नाही. येथे महालक्ष्म्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तेथेही कोठी सारखीच असते. तिच्यावर मुखवटा चढतो, साडी नेसविली जाते, आणि मग ती ज्येष्ठा किंवा कनिष्ठा होते. दोन्ही ठिकाणी धड हे केवळ आधार असते आणि व्यक्तित्व मुखाने व वस्त्राने येते. एकीत भक्ती आहे आणि दुसरीत व्यापार, हा भेद विसरण्याचे कारण नाही. पण प्रतिमा उभी करण्याची युक्ती एकच आहे.

१९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटानंतर केनर कंपनीने पावणेचार इंचांची बाहुली रूढ केली. आकार लहान झाल्याने वाहने व अवकाशयाने त्याच प्रमाणात काढता आली, आणि एकेक पात्र घेण्याऐवजी सगळा संच जमविण्याची ओढ निर्माण झाली. कापडी गणवेश जाऊन पोशाख प्लास्टिकमध्येच कोरला जाऊ लागला. पुढे १९९२ पासून प्लेमेट्स कंपनीने ‘स्टार ट्रेक’च्या दुसऱ्या मालिकेच्या बाहुल्या काढल्या, आणि अलीकडच्या दशकांत प्रौढ ग्राहकालाच उद्देशून, चेहऱ्यावरील सुरकुत्यांसह घडविलेल्या बाहुल्या निघू लागल्या. खेळण्याचे संग्राह्य वस्तूत झालेले रूपांतर ह्या क्रमात स्पष्ट दिसते.

३

संग्राहकाच्या बाजूने जे म्हणता येईल ते आधी म्हटले पाहिजे. मालिका ही काळात घडते आणि संपते. प्रसारण संपले की प्रेक्षकाच्या हाती काहीच उरत नाही. चित्रफिती घरोघरी येण्यापूर्वी तर ही उणीव फार तीव्र होती. बाहुली ह्या क्षणभंगुर अनुभवाला स्थैर्य देते. तिच्यात तपशील असावा ही मागणीही केवळ हौसेची नाही. विज्ञानकथेत जगाची रचनाच तपशिलाने होते. गणवेशाचा रंग, छातीवरील चिन्ह, हातातील यंत्र ह्यांवरून ते काल्पनिक जग कोणत्या नियमांनी चालते हे कळते. ऐतिहासिक नाटकात पगडीचा घाट चुकला तर जाणकार प्रेक्षक अस्वस्थ होतो, तद्वत् अवकाशयानावरील अधिकाऱ्याच्या बाहीवरील पट्ट्या चुकल्या की संग्राहक अस्वस्थ होतो. ही अस्वस्थता अभ्यासू वृत्तीचीच एक खूण आहे.

परंतु ‘मालिकेशी जुळणारी बाहुली’ ह्या कल्पनेतच मालिका आधी आणि बाहुली नंतर, असा एक क्रम गृहीत धरलेला आहे. ‘स्टार ट्रेक’च्या बाबतीत तो खरा आहे. १९८०च्या दशकात मात्र तो उलटला. अमेरिकेत १९६९ मध्ये ‘हॉट व्हील्स’ ह्या खेळण्यातील मोटारींवरून काढलेल्या मालिकेला ती कार्यक्रमभर चालणारी जाहिरात आहे म्हणून हरकत घेण्यात आली होती. पुढे १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रसारणावरील निर्बंध सैल झाले आणि ही हरकत निर्बल झाली. मॅटेल कंपनीचा ‘ही-मॅन’ बाहुली म्हणून १९८२ मध्ये विक्रीस आला. त्याची १३० भागांची चित्रमालिका १९८३ मध्ये सुरू झाली. येथे बाहुली ही मालिकेची प्रतिकृती नसून मालिका हीच बाहुलीची कथा आहे.

‘ट्रान्सफॉर्मर्स’चे उदाहरण ह्याहूनही बोलके आहे. ही खेळणी मुळात जपानमधील ताकारा कंपनीची. तेथील कथाकल्पनेत ती माणसांनी चालवावयाची यंत्रे होती. १९८४ मध्ये हॅस्ब्रोने ती घेतली, त्यांना नवी नावे व स्वभाव दिले, त्यांना चालक नसलेले सजीव यंत्रमानव ठरविले आणि त्याच वर्षी त्यांची मालिका काढली. साचे मात्र जुनेच राहिले. म्हणून त्या काळच्या काही मोटारींची दारे उघडतात आणि आत चालकाचे आसन दिसते. त्यावर बसणारा मात्र कोणी नसतो, कारण नव्या कथेत त्याला स्थान उरलेले नाही. हे आसन म्हणजे तपशील आहे आणि तो अत्यंत निगुतीने घडविलेला आहे. पण तो ज्या कथेशी निष्ठा राखतो ती कथा दुसरीच आहे. तपशिलाची विपुलता आणि मूळ पात्राशी असलेली निष्ठा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ह्या रिकाम्या आसनाने जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही तात्त्विक युक्तिवादाने होणार नाही.

४

दुसरा प्रश्न प्रतीतीचा आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायावरील रसचर्चेत शंकुकाचे मत अभिनवगुप्ताने नोंदविले आहे आणि ते चित्रतुरगन्याय ह्या नावाने मराठी समीक्षेला सुपरिचित आहे. चित्रातील घोडा पाहताना होणारे ज्ञान हे खऱ्या घोड्याचे ज्ञान नव्हे, मिथ्या ज्ञान नव्हे, संशय नव्हे आणि केवळ सादृश्याचे ज्ञानही नव्हे. ह्या चारही प्रकारांहून ते वेगळे असते. रामाची भूमिका करणाऱ्या नटाच्या ठिकाणी होणारी प्रतीतीही अशीच असते. ह्या मतावर पुढे आक्षेप घेतले गेले, तरी एका बाबतीत ते आजही मार्गदर्शक ठरते. कलात्मक प्रतीती ही सादृश्याच्या मोजमापावर अवलंबून नसते, असे ते सांगते.

ह्या निकषावर बाहुलीकडे पाहिले तर एक विलक्षण गुंता दिसतो. स्पॉकची बाहुली कोणाची? स्पॉक हे पात्र काल्पनिक आहे. त्याला रूप दिले ते लेनर्ड निमॉय ह्या नटाने. मेगोच्या १९७४ च्या बाहुलीत टोकदार कान, तिरप्या भुवया आणि निळा सदरा एवढेच होते. तेवढ्यावर मुलाला स्पॉकची प्रतीती होत असे, कारण ती खुणांची प्रतिमा होती. आधुनिक बाहुलीत नटाच्या गालावरील वळ्या, ओठांची मुरड, केसांचा पोत हे सारे हुबेहूब उतरते. परंतु ह्या वळ्या पात्राच्या नाहीत. त्या नटाच्या आहेत. तपशील जसजसा वाढतो तसतशी बाहुली पात्रापासून दूर जाऊन नटाच्या लघुपुतळ्याकडे सरकते. किंबहुना, एका विशिष्ट भागातील विशिष्ट प्रसंगी नट जसा दिसला तसा तो दाखविणे हीच तिची प्रतिज्ञा होऊन बसते. शंकुकाने ज्या सादृश्यज्ञानाहून कलाप्रतीती वेगळी काढली, त्या सादृश्यज्ञानापाशीच ही बाहुली परत येते. पाहणाऱ्याच्या तोंडून ‘किती हुबेहूब !’ हा उद्गार निघतो. ‘हा स्पॉक’ हा उद्गार निघत नाही.

पोळ्याच्या बैलाशी तुलना केली तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. मातीच्या बैलाला डोळे टोचलेले असतात, शिंगे चिमटीने ओढलेली असतात, वशिंड अंगठ्याने वर आणलेले असते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो सदोष आहे. तरी ज्याच्या दावणीला बैल आहे तो शेतकरीही त्याच्यापुढे नैवेद्य ठेवताना कचरत नाही. त्या घरातील मुलाला त्या बैलात स्वतःच्या घरचा बैल दिसतो, शेजारच्या मुलाला त्याच्या घरचा. खुणांच्या प्रतिमेत ही व्यापकता असते. भट्टनायकाने सांगितलेल्या साधारणीकरणाला तेथे अवकाश असतो. सर्व तपशील भरून काढलेल्या बाहुलीत तो अवकाश राहत नाही.

ह्यावर असे म्हणता येईल की दोन्हींचे प्रयोजनच वेगळे आहे. एकीचे पूजा, दुसरीचे संग्रह. हे खरे आहे. पण मग तपशील हा बाहुलीच्या श्रेष्ठत्वाचा एकमेव निकष म्हणून मिरविता येणार नाही. तो कारागिरीचा निकष आहे, प्रतीतीचा नव्हे.

५

तिसरा प्रश्न अस्पर्शाचा आहे. अमेरिकेत न उघडलेल्या खोक्यातील बाहुली तपासून तिला शंभरापैकी गुण देणाऱ्या व पारदर्शक पेटीत मोहोरबंद करून देणाऱ्या संस्था आहेत. न उघडलेले खोके हे उघडलेल्याहून कितीतरी महाग असते. ह्या प्रवृत्तीची परिसीमा एका घटनेत दिसते. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ह्या १९७८ च्या विज्ञानकथा-मालिकेवरून मॅटेलने काढलेल्या यानातून लहानसे अस्त्र सुटत असे. ते घशात अडकून एका लहान मुलाचा मृत्यू झाला आणि ती रचना मागे घेण्यात आली. त्या दुर्घटनेच्या सुमारास केनर कंपनी ‘स्टार वॉर्स’मधील बोबा फेट ह्या पात्राची पाठीवरून अस्त्र सोडणारी बाहुली सिद्ध करीत होती, तिने अस्त्र पक्के बसवूनच बाहुली विकली. अस्त्र सुटणारे जे थोडे नमुने कारखान्यात तयार झाले होते, त्यांना आता लिलावात लाखो डॉलर मोजले जातात. म्हणजे कोणत्याही मुलाच्या हाती न गेलेले, आणि जाऊ नये म्हणूनच थांबविलेले खेळणे हे सर्वांत मौल्यवान खेळणे ठरले. ज्या वस्तूचे प्रयोजन खेळ हे होते तिचे मूल्य खेळाच्या अभावावर ठरावे, ही विसंगती संग्राहकांच्या मूल्यव्यवस्थेत मुळापासून आहे.

ह्या व्यवस्थेला भारतीय अनुभवाने एक अनपेक्षित उत्तर दिले आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्लो प्लास्टच्या ‘लिओ’ खेळण्यांतून मॅटेलच्या बाहुल्या भारतात आल्या. १९८७ मध्ये एम.आर.एफ. आणि हॅस्ब्रो ह्यांच्या सहकार्याने फनस्कूल ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या गोव्यातील कारखान्यातून पावणेचार इंची ‘जी. आय. जो’च्या बाहुल्या निघू लागल्या. ‘जी. आय. जो’ ही काटेकोर अर्थाने विज्ञानकथा नव्हे. पण तिच्या १९८३ व १९८४ मधील पहिल्या दोन चित्रमालिकांचा कथाभाग वस्तूंचे दूरस्थलांतर करणारे यंत्र आणि हवामानावर सत्ता चालविणारे यंत्र ह्यांभोवतीच फिरतो. त्यामुळे तिचा विचार ह्या वर्गात करणे अप्रस्तुत ठरत नाही.

ह्या बाहुलीची घडण पाहण्यासारखी आहे. छातीचा भाग आणि पाठीचा भाग असे दोन वेगळे साचे. दोन्ही भाग एका स्क्रूने जोडलेले. कमरेत एक रबरी कडी आणि तिच्या ताणावर पाय लटकलेले. साचे पोलादी आणि महागडे असल्याने ते एका देशातून दुसऱ्या देशात जात. ब्राझीलमध्ये एस्ट्रेला, अर्जेंटिनामध्ये प्लास्टिरामा आणि भारतात फनस्कूल ह्या कंपन्यांनी अशा प्रकारे स्थानिक आवृत्त्या काढल्या. साचा तोच, पण प्लास्टिकचा व रंगाचा निर्णय स्थानिक. परिणामी गोव्याच्या बाहुल्यांत मूळ अमेरिकन बाहुलीत नसलेले रंग आले. एकाच पात्राच्या गणवेशाच्या निरनिराळ्या छटा निघाल्या, तर कोठे रंगकामाचे तपशील गाळले गेले. तपशीलनिष्ठेच्या निकषावर ही सारी स्खलने होत. तरीही १९९४ मध्ये अमेरिकेतील मूळ उत्पादन थांबल्यावर भारतातील उत्पादन काही वर्षे चालू राहिले, आणि परदेशी संग्राहक ह्याच भारतीय बाहुल्या आवर्जून शोधू लागले. ज्या स्खलनांमुळे त्या कमअस्सल ठरावयास हव्या होत्या, त्याच स्खलनांमुळे त्या हव्याशा झाल्या.

ह्या घटनेचा अर्थ केवळ दुर्मिळतेच्या अर्थशास्त्राने लागत नाही. दुर्मिळता हे एक कारण आहेच. पण त्याखेरीज असे दिसते की हुबेहूब प्रतिकृतीत केवळ मूळ वस्तू दिसते, तर बदललेल्या प्रतिकृतीत ती घडविणारे स्थळ आणि काळही दिसतात. गोव्याच्या कारखान्यातून एखाद्या हप्त्यात बाहेर पडलेला निळ्या गणवेशाचा सैनिक हा अमेरिकन मालिकेचे दुबळे प्रतिबिंब नसून भारतीय उद्योगाच्या एका कालखंडाचा साक्षीदार आहे. साहित्यातील रूपांतराला जो न्याय मराठी समीक्षेने लावला तोच येथे लागू पडतो. रूपांतर मुळाशी किती जुळते हे पाहून भागत नाही. त्याने वाटेत काय टाकले आणि काय स्वीकारले हेही पाहावे लागते.

खेळणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहता हे रूपांतर आणखी पुढे जाते. अशा बाहुलीच्या वेष्टनामागे पात्राचे नाव, हुद्दा आणि स्वभाव सांगणारे एक इंग्रजी टिपण छापलेले असे. ज्या मुलाने मालिका पाहिलेली नाही आणि ज्याला ते टिपण वाचता येत नाही, त्याच्या हाती बाहुली कथेविना पोहोचली. त्याने तिला कोणते नाव दिले, ती कोणत्या बाजूने लढविली, मातीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या रांगेत उभी केली की नाही, हे सारे त्या वस्तूच्या अर्थाचा भाग आहे. काचेच्या कपाटातील अखंड खोक्यात अर्थाचा हा भाग सापडण्याची शक्यताच नाही.

६

तर मग संग्रह निरर्थक आहे काय? असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. संग्रहाने काय साधते ह्याचे मराठवाड्यातच एक थोर उदाहरण आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक प्रवासग्रंथातील तगर, येथील रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी गावात व भोवताली सापडणाऱ्या जुन्या वस्तू आयुष्यभर जमविल्या. मणी, नाणी, दिवे आणि मातीच्या व केओलिनच्या लहान मूर्ती असा तो संग्रह आज त्यांच्याच नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. तेरच्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेची तुलना इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये मिळालेल्या भारतीय हस्तिदंती प्रतिमेशी अभ्यासकांनी केली आहे. एका खेड्यातील रहिवाशाच्या हौसेने सातवाहनकालीन दख्खनच्या दूरदेशीय व्यापाराचा पुरावा जपून ठेवला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तेरच्या केओलिन मूर्ती विशेष महत्त्वाच्या आहेत. त्या पोकळ असून पुढील व मागील अशा दोन साच्यांत दाबून व मग जोडून घडविलेल्या आहेत. सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या ह्या मूर्तीच्या दोन्ही कडांवर सांध्याची रेघ असते, आणि गोव्याच्या कारखान्यातील प्लास्टिकच्या सैनिकाच्या कडेलाही ती असते. एकाच प्रतिमेच्या पुष्कळ प्रती काढावयाच्या तर साचा लागतो आणि साचा आला की सांधा येतो. सातवाहनकालीन गृहस्थाने अशी मूर्ती बाजारातून घेतली तेव्हा तीही अनेकांतील एकच प्रत होती. आज तिचे मोल आहे ते ती एकमेव आहे म्हणून नव्हे, तर तिच्यावरून तिच्या काळाविषयी काही विचारता येते म्हणून.

परंतु येथेच एक मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. जमिनीवरून वेचलेल्या वस्तूला थर नसतो. ती कोणत्या पातळीवर, कशासोबत पडली होती हे कळत नाही. १९५८ मध्ये तेर येथे चापेकर ह्यांनी केलेल्या उत्खननाचे महत्त्व ह्यातच आहे; त्याने वस्तूंना थर दिला. खासगी संग्रह आणि शास्त्रीय नोंद ही परस्परपूरक असतात. पहिल्याशिवाय वस्तू उरत नाही, आणि दुसरीशिवाय ती बोलत नाही.

बाहुल्यांच्या संग्राहकाने हा धडा घेण्यासारखा आहे. त्याच्या नोंदीत उत्पादनवर्ष, साच्याचा क्रमांक, रंगभेद आणि वेष्टनाची अवस्था असते. आणि ह्या बाबतीत त्याची शिस्त अनेक संस्थांना लाजविणारी आहे. नसते ते एवढेच : ही बाहुली कोणत्या गावच्या कोणत्या दुकानातून आली, कोणी कोणासाठी घेतली, तिचा हात कोणत्या खेळात तुटला, तिला घरात काय म्हणत. ही माहिती संग्राहक अनावश्यक म्हणून टाकतो, कारण ती मालिकेशी संबंधित नाही. वस्तूचा थर मात्र तोच आहे.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. प्लास्टिक अविनाशी आहे हा समज बाहुल्यांच्या बाबतीत खोटा ठरतो. पांढरे प्लास्टिक काळाने पिवळे पडते. मऊ प्लास्टिकमधील मार्दव आणणारे द्रव्य बाहेर येऊन पृष्ठभाग चिकट होतो. कमरेतील रबरी कडी वाळते आणि एके दिवशी तुटून बाहुली दुभंगते. १९८०च्या दशकातील मुले आज प्रौढ आहेत आणि त्यांच्या आठवणी विचारण्याजोग्या आहेत. आणखी तीस वर्षांनी त्या विचारावयास कोणी उरेल असे नाही. दूरदर्शनवर १९९८ मध्ये आलेल्या केतन मेहता ह्यांच्या ‘कॅप्टन व्योम’सारख्या मालिका ज्यांनी लहानपणी पाहिल्या त्यांच्या खेळांत त्या मालिकांचे काय झाले, काठीची तलवार झाली की किरणास्त्र, हा प्रश्नही मराठी विभागांच्या संशोधनविषयांत बसणारा आहे. बालगीते आणि उखाणे गोळा करणाऱ्या लोकसाहित्याच्या अभ्यासकाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

७

ह्या दृष्टीने महालक्ष्म्यांपुढील आराशीकडे पुन्हा वळले की तिचे एक वेगळे मोल लक्षात येते. ती खेळ नव्हे, कारण त्या दिवसांत मुलांना त्या वस्तूंना हात लावू देत नाहीत. ती मोहोरबंद कपाटही नव्हे, कारण आरास संपल्यावर त्यातील पुष्कळ वस्तू पुन्हा मुलांच्या हाती जातात. पुढच्या वर्षी कान तुटलेला हत्ती आणि एका हाताचा सैनिक पुन्हा मांडले जातात, आणि मांडताना हा कोणाचा, कोठून आणला, कोणी मोडला हे घरातील वडील माणसे सांगतात. पडद्यावरील मूळ पात्राशी त्या सैनिकाचे काय साम्य उरले आहे हे कोणी विचारीत नाही. त्याची प्रतीती पूर्ण असते, कारण ती सादृश्यावर उभी नसून स्मरणावर उभी असते. संग्राहकाने जी नोंद वगळली ती येथे दरवर्षी तोंडी केली जाते.

अर्थात ह्या रीतीलाही उणेपण आहे. ती लिहून ठेवीत नाही. सांगणारी व्यक्ती गेली की सैनिक उरतो आणि त्याचे नाव जाते. पोळ्याचा मातीचा बैल तर तेवढाही उरत नाही. तो पाण्यात विरघळतो किंवा उंबऱ्याशी झिजतो, आणि पुढच्या वर्षी नवा येतो, हेच त्याच्या पूजेला धरून आहे. प्लास्टिकचा यंत्रमानव टिकतो, पण मुका राहतो. मातीचा बैल बोलका असतो, पण टिकत नाही. काचेच्या कपाटाने टिकविण्याची विद्या सिद्ध केली आहे आणि आराशीने बोलते ठेवण्याची. परभणी जिल्ह्यातील एखाद्या गावी, झरीत किंवा अन्यत्र, भाद्रपदातील त्या तीन दिवसांत वही घेऊन बसणारा विद्यार्थी ह्या दोन्ही विद्या एकत्र आणू शकेल. त्याने प्रत्येक वस्तूपुढे तिचा साचा, रंग आणि तुटलेला भाग लिहावा, आणि त्याखाली घरातील आजी तिच्याविषयी जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.